पूल ओलांडला की गुन्हा

ओरेगन राज्यातलं ऑन्टारियो हे गाव तसं छोटं. गांजाची दुकानं मात्र रग्गड. बाहेर उभ्या गाड्यांच्या नंबरप्लेटी बघा, आयडाहोच्या. स्नेक नदीवरचा पूल ओलांडला की आयडाहोच लागतं.

एरवी ओरेगन विक्रीकर घेत नाही. गांजावर मात्र १७ टक्के घेतं. व्यसनाची काळजी असावी तर अशी!

तीच पुडी खिशात घालून पूल ओलांडलात, तर वर्षभराची कैद होऊ शकते. शिवाय २०२५पासून किमान ३०० डॉलर दंड. न्यायाधीशाला दया आली तरी त्याखाली सूट नाही.

पुडी तीच. गिऱ्हाईकही तेच.

मग गांजाला मुभा द्यायची का, हे लोकांनाच विचारा ना? विचारलं की! साउथ डकोटात २०२० साली ५४ टक्के लोक ‘हो’ म्हणाले, न्यायालय ‘नाही’ म्हणालं. फ्लोरिडात २०२४ साली जवळपास ५६ टक्के पडले, पासिंग ६०ला होतं.

मिसिसिपीची तर बातच और. रुग्णांना गांजा मिळावा म्हणून लोकांनी भरभरून मतं दिली. पण असा कौल घ्यायला सह्या म्हणे पाच संसदीय मतदारसंघांतून हव्यात. राज्यात असे मतदारसंघ उरलेत चार! पाचवा आणायचा कुठून? कौलच रद्द.

बायडेन यांनी २०२२मध्ये नुसता गांजा बाळगल्याबद्दल दोषी ठरलेल्यांना माफी दिली. टाळ्या पडल्या. सुटले किती? एकही नाही. त्या एवढ्याच गुन्ह्यासाठी केंद्राच्या तुरुंगात कुणी नव्हतंच. राज्यांच्या तुरुंगांत राष्ट्राध्यक्षांचं चालत नाही.

ओढण्याचं प्रमाण काळ्या-गोऱ्यांत जवळपास सारखंच. अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनने २०१८ची आकडेवारी तपासली, तर काळ्या माणसाला अटक होण्याची शक्यता साडेतीनपटीहून अधिक. पोलिसांचं नाक तिखट म्हणायचं की डोळे?

जॉन बेनर आठवतात? प्रतिनिधिगृहाचे माजी सभापती. गांजा कायदेशीर करायला कडवा विरोध. २०१८ साली साहेब गांजाच्या कंपनीच्या सल्लागार मंडळावर! मतपरिवर्तन झालं म्हणे. पूर्वी पुडीसकट सापडलेल्या पोरांचंही झालं असेल. त्यांचा पोलिस रेकॉर्ड तेवढा बदलत नाही.

आता आपल्या पोरांचं. पुण्याहून सिएटलला गेलेला इंजिनीअर दुकानात जातो, पावती घेतो, सगळं रीतसर. वॉशिंग्टन राज्यात २०१२पासून मुभा आहे. पुढे नागरिकत्वाचा अर्ज भरतो, तेव्हा कायदा लागतो केंद्राचा. इमिग्रेशन खात्याने २०१९मध्ये लेखी बजावलं: राज्याची मुभा असली तरी गांजामुळे ‘सच्चारित्र्य’ अडचणीत येऊ शकतं.

ओढलाच पाहिजे असंही नाही. गांजाच्या धंद्यात नुसती नोकरी केलीत तरी चारित्र्याला धोका.

बेनरसाहेब निर्धास्त आहेत. त्यांचा जन्म ओहायोतला.