अखेरची शिल्लक : कोंबडा एक

प्रभू येशूच्या बारा शिष्यांत हिशेबाचा जाणकार माणूस एकच होता, मत्तय. जकातनाक्यावर बसलेला, वसुली आणि वही कोळून प्यालेला. पण पैशांची थैली त्याच्याकडे नव्हती, ती यहूदा इस्कर्योताकडे होती. ज्याला जे काम येतं ते त्याला द्यायचं नाही, ही चर्च कमिटीची रीत अशी पहिल्या शतकापासूनची आहे. आमच्या मंडळीत बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत, एलआयसीवाले आहेत, कॉमर्स शिकवणाऱ्या प्राध्यापिकाबाई आहेत. खजिनदार मात्र मी झालो. मी कोळसा खाणीच्या स्टोअरमध्ये होतो. उभा जन्म नटबोल्ट मोजण्यात गेला.

निमित्त एवढंच झालं, की वार्षिक सभेत मी फिनेलच्या बाटलीचं व्हाउचर मागितलं. सभेचे चेहरे एकदम उजळले. इतका चौकस माणूस वाया जाऊ देणं बरं नव्हे, असं सेक्रेटरींनी मांडलं, चहूबाजूंनी अनुमोदन आलं आणि पास्टरसाहेबांनी लगोलग प्रार्थनेला सुरुवात केली. प्रार्थना चालू असताना ‘नाही’ म्हणता येत नाही. आमेन झालं, डोळे उघडले, तोवर किल्ल्या माझ्या हातात होत्या.

आमचं चर्च चंद्रपूर जिल्ह्यात, आणि त्याच पास्टरेटची दुसरी मंडळी वैनगंगेपलीकडे, गडचिरोलीच्या जंगलाला लागून. या भागात स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चने एकोणिसाव्या शतकात ‘चांदा मिशन’ काढलं. तेव्हा चांद्याच्या मिशनला समुद्रापलीकडून मदत यायची. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, बॅप्टिस्ट, ब्रदरन, मेथडिस्ट असे नाना परींचे लोक एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. सहा चर्चसंस्थांची एकी झाली. आमच्या महिला मंडळाच्या दोन गटांच्या चहाच्या किटल्या मात्र आजही वेगळ्या आहेत, आणि दोन्हींच्या गॅसचं बिल माझ्याकडे येतं.

साहेब गेले, पौंड गेले, पण ‘मिशन देईल’ हा विश्वास गेला नाही. विधवेच्या दोन टोल्यांचा दाखला आमच्या मंडळीला फार प्रिय आहे, ज्या विधवा नाहीत त्यासुद्धा तेवढंच टाकतात. मासिक वर्गणी वर्षभर थकते आणि कमिटीच्या निवडणुकीची मतदारयादी लागायच्या आदल्या रात्री, माझ्या जेवणाच्या वेळी, मागच्या बाकीसकट भरली जाते. त्यातून पाळकांचा पगार, डायोसिसचा वाटा, विजेचं बिल आणि त्या दोन किटल्या.

पंख्यांचंच घ्या. चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४७ च्या पुढे जातो आणि चर्चमधले पंखे फक्त हलतात. एका बाईंचा मुलगा कॅनडात. तो म्हणाला, मी नवे पंखे देतो. मी पावती फाडणार, तेवढ्यात कायदा आडवा आला. पोरगा परदेशात कमावत असला तरी भारताचा पासपोर्ट असेपर्यंत त्याचे पैसे आपले. नागरिकत्व बदललं, की तेच पैसे विदेशी अंशदान. मग दिल्लीची नोंदणी हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ते पैसे घ्यायला स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेत खातं हवं. मी हे सगळं त्या माउलीला कलमवार समजावून सांगितलं. ती शांतपणे ऐकून म्हणाली, “म्हंजे माह्या पोराचा पंखा फिरंगी झाला म्हना ना!” तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. उपासनेला येताना हातपंखा आणते आणि माझ्या पुढच्या बाकावर बसून तो जोरजोरात हलवते.

पैशांचं जमेना, तेव्हा मी माणसांकडे वळलो. मोशेलासुद्धा कामं वाटून द्यायची अक्कल त्याच्या सासऱ्याने, इथ्रोने, शिकवली होती. माझे सासरे हयात नाहीत, म्हणून तेही काम मीच अंगावर घेतलं. संडे स्कूलच्या शिक्षिका, घंटा वाजवणारा, फुलं लावणाऱ्या मुली, सगळ्यांचं मस्टर केलं. यातल्या कुणालाही आपण एक पैसा देत नाही, ही बाब मस्टर छापून आल्यावर सेक्रेटरींनी माझ्या कानावर घातली.

मस्टरवर पहिला लाल शेरा पडला आमच्या कीबोर्डवाल्यावर. पोरगा गुणी, पण दिवाळी झाली की तो झाडीपट्टीच्या नाटकांत वाजवायला जातो. देसाईगंज-वडशाच्या कंपन्यांची नाटकं रात्री सुरू होतात ती तांबडं फुटेपर्यंत. तिथून तो मोटारसायकलवर थेट उपासनेला येतो. एका रविवारी प्रभुभोजनाच्या गंभीर घटकेला त्याचा डोळा लागला आणि बोटं आपल्या मनाने खलनायकाच्या प्रवेशाचं संगीत वाजवू लागली. नेमका तेव्हाच मी अर्पणाची थैली घेऊन वेदीकडे निघालो होतो. मी त्याला लेखी खुलासा मागितला. त्याने लेखी दिला: “नाटकवाले पैसे देतात, आपण खुलासे मागता. तरी येतो.” यावर काय शेरा मारावा ते मला अजून सुचलेलं नाही.

अशातच स्वमूल्यमापनाचा फॉर्म आला. मी एका शहरात कार्यशाळेला जाऊन आलो होतो. तिथे पडद्यावर बाण, वर्तुळं आणि पायऱ्या दाखवून मंडळीची वाढ कशी मोजावी हे शिकवलं गेलं. फॉर्ममध्ये सरासरी उपस्थिती, आर्थिक पारदर्शकता, आत्मिक वाढीला १ ते ५ गुण, पुढच्या पाच वर्षांचं ध्येय असे रकाने होते. एक रकाना कमिटीच्या बैठकांतली सर्वोच्च उपस्थिती आणि तिचं कारण विचारणारा होता. आमच्या बैठका कोरमअभावी तहकूब होतात आणि तहकूब झाल्याच्या ठरावावर सह्या घ्यायला मला घरोघर फिरावं लागतं. तो रकाना मी कोरा ठेवला.

पास्टरसाहेबांनी सौम्यपणे आठवण करून दिली, की दावीद राजाने शिरगणती केली तेव्हा देशात मरी आली होती. मी म्हटलं, साहेब, प्रकटीकरणात आशियातल्या सात मंडळ्यांना पत्रं गेली, तो मूल्यमापनाचाच अहवाल होता की नाही? लावदिकीयाच्या मंडळीवर ‘कोमट’ असा शेरा आहे. ते म्हणाले, “ती भीती आपल्याला नाही. चंद्रपुरात कोमट राहणं पाण्यालासुद्धा जमत नाही.”

मी दाराशी वही घेऊन उभा राहू लागलो. स्टोअरच्या सवयीने आवक लिहिताना वेळही लिहिली. मरी आली नाही, पण उशिरा येणारी दोन कुटुंबं रुसली आणि शेजारच्या प्रार्थनागृहात जाऊ लागली. वहीत त्यांची जावक नोंदली. आत्मिक वाढीच्या प्रश्नाला लोकांनी मनापासून उत्तरं दिली. प्रत्येकाने आपल्या कुटुंबाला पाच गुण दिले आणि मंडळीला दोन. मी आकडेमोड केली, तेव्हा आमच्याकडचं प्रत्येक कुटुंब उत्तम असून त्यांची बेरीज तेवढी वाईट आहे, असं गणिताने सिद्ध झालं.

मग फॉर्म घेऊन नदीपलीकडे गेलो. तिथल्या उपस्थितीचा आलेख मे महिन्यात सपाट झोपलेला होता, त्याचं कारण मला शोधायचं होतं. एक आजी अंगणात बसल्या होत्या. मी विचारलं, “मे महिन्यात तुम्ही उपासनेला का येत नाही?”

“तेंदूपत्ता रायते ना जी. पहाटेच जंगलात जा लागते.”

“आणि मार्च-एप्रिलमध्ये?”

“मोह पडते.”

“पुढच्या पाच वर्षांत आपली मंडळी कुठे असेल असं वाटतं?”

आजींनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “अठीच. तुमी कुठी जाऊन रायले?”

उत्तर स्पष्ट होतं, पण गुणांत बसत नव्हतं. मी पारदर्शकतेच्या रकान्याकडे वळलो आणि हिशेब कसा ठेवतात यावर गावकऱ्यांना चार शब्द सांगू लागलो. ज्यांची ग्रामसभा पेसा कायद्याखाली स्वतः तेंदूपत्त्याचा लिलाव करते, कंत्राटदाराकडून पैसे वसूल करते आणि घरोघर वाटते, त्या लोकांना मी कॅशबुक म्हणजे काय ते सांगत होतो. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. गावात पाहुण्याचा मान असतो.

बोलणं संपल्यावर मी त्या रविवारचं अर्पण मोजून रक्कम जाहीर केली. आजींनी हात पुढे केला. नोटा डाव्या तळव्यावर घेतल्या आणि अंगठ्याने एकेक सरकवत गेल्या. ओठ हलत नव्हते. नजर तर नोटांवर नव्हतीच, ती अंगणात धान टिपणाऱ्या कोंबडीवर होती. तेंदूचा एक पुडा ७० पानांचा आणि अशा १,००० पुड्यांची एक गोणी, त्या हातांचा उन्हाळा यातच जातो. शेवटची नोट सरकवून त्या म्हणाल्या, “दहा रुपये कमी हायेत, मुन्शी.” तेंदूच्या फळीवर, म्हणजे पानं गोळा होतात त्या जागी, हिशेब लिहिणाऱ्याला मुन्शी म्हणतात, आणि तो आकडा कमी सांगतो हे तिथे सगळे धरूनच चालतात. दहाची नोट माझ्या फॉर्मच्या फाइलला चिकटलेली निघाली. पारदर्शकतेला मी स्वतःच दोन गुण दिले.

उन्हाळ्यात मोह आणि तेंदू, पावसाळ्यात रोवणी, दिवाळीनंतर धान. मंडळीचं वर्ष जंगल आणि बांधी ठरवतात, माझं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. या दोन वर्षांची गाठ पडते ती धान घरात आल्यावर, कापणीच्या सणाला. त्या दिवशी लोक वेदीपुढे पहिलं फळ ठेवतात. धानाच्या पायल्या, कोहळे, वालाच्या शेंगा, अंडी. नदीपलीकडच्या एकाने वाळलेल्या मोहफुलांची टोपलीही ठेवली. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, त्यामुळे फुलांकडे पाहून पास्टरसाहेबांनी आशीर्वाद जरा घाईत उरकला. आणि एक तांबडा, तुरेबाज कोंबडा.

उपासनेनंतर लिलाव. आमच्या लिलावाची रीत अशी, की माणूस वस्तू चढ्या भावाने घेतो, पैसे ‘पगार झाल्यावर’ म्हणतो आणि वस्तू पुन्हा देवाला देतो. ती परत लिलावाला येते. कोंबडा प्रथम एका निवृत्त खाणकामगाराने घेतला आणि परत दिला. मी पावती फाडली. मग एका गुरुजींनी घेतला, परत दिला. पावती फाडली. तिसऱ्यांदा बोली रेंगाळली, म्हणून नुसता भाव चढवायला मी एक आकडा बोललो. चर्चमध्ये एकदम शांतता पसरली. “एक वार, दोन वार, खजिनदारसाहेब!” टाळ्या वाजल्या. आता मीच तेवढा घरी घेऊन गेलो तर बरं दिसणार नाही, म्हणून मीही परत दिला. चौथी बोली लागेना. लोक जेवायला उठले होते. पेत्राने कोंबडा आरवायच्या आत प्रभूला तीनदा नाकारलं होतं, इथे तीनदा नाकारला गेलेला खुद्द कोंबडा होता. मंडळीची मालमत्ता म्हणून तो माझ्या ताब्यात आला.

घरी मी त्याच्या नावाचं बिन कार्ड केलं. आवक एक, जावक शून्य. तो पहाटे चारला आरवायचा. “पेत्रा, ऊठ,” असं म्हणून मिसेस कूस बदलायच्या. दाण्याचा खर्च मंडळीकडे लावावा की स्वतः सोसावा, यावर मी कमिटीला तीन पानी टिपण पाठवलं. बैठक कोरमअभावी तहकूब झाली. अशा रीतीने कोंबडा ३१ मार्च ओलांडून ताळेबंदात शिरला.

ऑडिटर तरुण होते, हिंदू होते आणि सज्जन होते. त्यांनी पावत्या पाहिल्या, स्टॉक रजिस्टर पाहिलं, चष्मा काढला. “काका, कोंबडा आला एक. विकला तीनदा. पैसे जमा दोघांचे, तुमचे येणे बाकी. आणि शिल्लक पुन्हा एक. हे कसं?”

मी म्हटलं, “श्रद्धेचा विषय आहे.”

“श्रद्धेला परिशिष्टात जागा नाही, काका. एक तर येणं वसूल करा, नाही तर शिल्लक निकाली काढा.”

येणं माझंच होतं, ते त्याच दिवशी भरलं. शिल्लक निकाली काढायची तर स्टोअरचे नियम मला पाठ होते. माल निकामी ठरवायला समिती नेमावी लागते, समितीने प्रत्यक्ष पाहणी करायची, अहवाल द्यायचा, ठराव घ्यायचा. मी सगळ्या सदस्यांना रीतसर नोटीस काढली. विषय: कोंबडा, निर्लेखन करणेबाबत. स्थळ: खजिनदारांचं निवासस्थान. वेळ: सायंकाळी सात. नोटीस वाचून मिसेसनी विचारलं, “पाहणी रश्श्यात करायची की सुक्कं?” आणि विळी धुवायला घेतली.

सेक्रेटरी सहालाच आले. मस्टरवर लाल शेरा असलेला कीबोर्डवाला सदस्य नसताना आला, आमंत्रित म्हणून त्याची नोंद घेतली. हातपंखावाल्या बाई महिला मंडळाच्या प्रतिनिधी म्हणून आल्या, दोन्ही किटल्या आल्या, आणि नदीपलीकडच्या सदस्य आजी दुपारच्या एसटीने तांदळाच्या भाकरी बांधून आल्या. पास्टरसाहेबांनी प्रार्थना केली, पाहणी सुरू झाली आणि भांडं पुसून निघेपर्यंत चालली. ठराव एकमताने मंजूर झाला. आजींनी सही केली आणि मला म्हणाल्या, “आता बरोबर हाय, मुन्शी.”

पाहुणे गेल्यावर मी फॉर्म काढला आणि कोरा ठेवलेला रकाना भरला. कमिटीच्या बैठकांतील सर्वोच्च उपस्थिती: १०० टक्के, अधिक आमंत्रित एक. कारण: विषय जिव्हाळ्याचा होता.