रेवदंडा ते कोर्लई, पावणेपाच वर्षं

रेवदंड्याच्या बंदरावर उभं राहिलं की कुंडलिकेच्या खाडीपलीकडे कोर्लईचा किल्ला दिसतो. साळावच्या पुलावरून रिक्षाने गेलं तर वीस-पंचवीस मिनिटं. मला स्वतःच्या शिडाच्या होडीतून तिथे पोचायला पावणेपाच वर्षं लागली.

याच किनाऱ्यावर पंधराव्या शतकात आफनासी निकितीन हा रशियन व्यापारी उतरला. होरमुझहून अरबी समुद्र ओलांडून, बरोबर एक घोडा घेऊन. त्याचं स्मारक रेवदंड्यात आहे आणि पहिल्या वर्षी मी दर खेपेला मोठ्या उमेदीने ते पाहून यायचो. जहाज हाकणारे दुसरे कुणी होते, हे खरं. पण घोडा घेऊन अख्खा समुद्र, म्हणजे गंमत नव्हे. माझ्याबरोबर मेहुणा होता.

होडी फायबरची, चौदा फुटी, एका शिडाची, मुंबईच्या एका गृहस्थांकडून घेतलेली. आठ वर्षांत फक्त तीनदा पाण्यात घातलीय, अगदी नवी आहे, असं ते म्हणाले. तीनदाच का, हे विचारायचं मला सुचलं नाही. त्याआधी एका तलावावर पाच दिवसांचा वर्ग करून मी प्रमाणपत्र मिळवलं होतं. तलावाला भरती नसते, ओहोटी नसते, बार्ज नसतात. पाचव्या दिवशी माझी खात्री पटली होती की शीड येतं मला.

मेहुण्याने वर्ग केला नव्हता. पुस्तकं वाचली होती. त्यामुळे त्याचं ज्ञान माझ्यापेक्षा पक्कं. "भावोजी, शीट सैल सोडा!" तो ओरडायचा. मी शिडाकडे बघायचो, कारण शीट म्हणजे कापड असंच कुणाही शहाण्या माणसाला वाटेल. तर नाही. इंग्रजीत शीट म्हणजे शीड ताणायची दोरी. हा खुलासा व्हायच्या आत शिडाखालचा आडवा वासा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेला आणि जाता जाता मला भेटून गेला. त्या वाशाला बूम म्हणतात. हे नाव मात्र कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

आमची खरी अडचण बंदरावरच्या तांडेलापाशी सुरू झाली. मला वाटलं होतं की शिडाची विद्या याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्यांची, आपण पायाशी बसावं आणि शिकावं. मी विचारलं, "तांडेल, शिडाची होडी नीट हाताखाली यायला किती दिवस लागतात?"

"शीड?" त्याने माझ्या होडीकडे बघितलं. जुन्या वाड्यातलं जातं बघावं तसं. "ते आमच्या म्हाताऱ्याचं काम. मला सहा सिलिंडर कळतात. साहेब, वारा फुकट मिळतो म्हणून घेतलीत का?"

म्हणजे ज्या खाडीत एके काळी शिडांशिवाय दुसरं काही दिसत नसेल, तिथे शीड लावणारा मी एकटा. बाकी सगळ्यांची इंजिनं धडधडत पुढे निघून जायची. जाताना खलाशी हात हलवायचे. आपुलकीने की गमतीने, ते लाटांमुळे नीट दिसायचं नाही.

पण पाणी तांडेलाला कळत होतं. मेहुणा मोबाइलवर भरतीची वेळ शोधत असताना तो बोटांवर हिशेब करायचा: तिथीची पाऊणपट. पंचमी असेल तर पाच त्रिक पंधरा, भागिले चार, पावणेचारला भरती पुरी. अष्टमीला सहा. मोबाइल पाच-दहा मिनिटं इकडे-तिकडे करायचा आणि त्याला रेंज लागायची. तांडेलाला फक्त कालनिर्णय लागायचं, तेही त्याच्या घरी भिंतीवर असायचं.

"आज द्वादशी," तो एका शनिवारी म्हणाला. "नऊला भरती. नऊला निघा."

आम्ही साडेअकराला निघालो. मेहुण्याकडे निघण्यापूर्वी तपासायच्या सव्वीस गोष्टींची यादी होती आणि पोहे सत्ताविसावे होते. एकच्या सुमाराला होडी थांबली. वारा होता, शीड फुगलेलं होतं, आम्ही मात्र जागच्या जागी. मेहुणा म्हणाला, आपण वाऱ्याच्या निषिद्ध कोनात आहोत. पुस्तकात आहे ते खरंच: कुठलंही शीड वाऱ्याच्या तोंडावर सरळ जात नाही, साधारण पंचेचाळीस अंश अलीकडे किंवा पलीकडे धरून नागमोडी जावं लागतं. आम्ही सुकाणू इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं. मग सुकाणूही फिरेना.

एवढ्यात तिसऱ्या गोळा करणाऱ्या तीन बायका टोपल्या घेऊन आमच्या शेजारून चालत गेल्या. चालत. त्यांतली एक थांबली. "दादा, पाय खाली सोडा. घोट्याएवढंच पानी हाय."

आम्ही सोडले नाहीत. पाण्याखाली चिखल होता आणि तो घोट्याशी थांबणारा नव्हता. तीनच्या पुढे ओहोटी पुरी झाली. साडेपाचला होडी तरंगली. चार-साडेचार तास दोन मध्यमवयीन माणसं लाइफ जॅकेट घालून, शीड उभारून, कोरड्या खाडीत बसलेली होती. त्या बायका परतताना टोपल्या भरून आल्या आणि आम्ही तिथेच आहोत हे बघून अदबीने दुसऱ्या वाटेने गेल्या. ती अदब मला चिखलापेक्षा जास्त लागली.

दुसऱ्या वर्षी बार्ज भेटला. साळावच्या जेटीकडे जाणारे बार्ज मोठे असतात आणि त्यांना पटकन थांबता येत नाही. नियमाप्रमाणे शिडाच्या होडीला वाट मिळते, हे मेहुण्याने मला वाचून दाखवलं. अरुंद वाटेत तो नियम उलटा फिरतो, हे त्याच्या पुढच्याच पानावर होतं. पान उलटेपर्यंत भोंगा वाजला. आम्ही वल्ही मारली. वल्ह्यांबद्दल या प्रवासवर्णनात फारसं काही येत नाही. लेखकाचा स्वाभिमान म्हणून ते गाळलं आहे.

तिसरं वर्ष वाऱ्याचं. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वाहतो, दुपारपासून समुद्राकडून वारा येतो आणि मध्ये कधीतरी दोघेही जेवायला जातात. त्या वेळी आम्ही हमखास खाडीच्या मध्यावर. शीड वाळत घातलेल्या धोतरासारखं. अशा एका दुपारी मेहुण्याने मला दिलीप दोंदे यांची गोष्ट सांगितली. नौदलाची 'म्हादेई' ही छप्पन्न फुटी शिडाची बोट गोव्यात बांधली, 2009च्या फेब्रुवारीत ती ताब्यात आली, ऑगस्टमध्ये ते मुंबईहून एकटे निघाले आणि 2010च्या मे महिन्यात जगाला वळसा घालून परत आले. शिडावर एकट्याने प्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. त्या मोहिमेची कल्पना ज्यांची, ते निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी राहायचे फलटणजवळच्या विंचुर्णीत, म्हणजे समुद्राचा वासही पोचणार नाही अशा गावात.

"म्हणजे बोट हाताखाली यायला सहा महिने," मेहुणा म्हणाला.

त्याआधीची नौदलातली वर्षं त्याने हिशेबात धरली नाहीत. मी मात्र त्या रात्री माझा हिशेब मांडला, कारण होडीची वही मी पहिल्या दिवसापासून ठेवली आहे. पावसाळ्याचे चार महिने होडी झापांखाली, ते सोडले. उरलेल्या काळात एकूण एकसष्ट खेपा रेवदंड्याला झाल्या. त्यांपैकी तेवीस वेळा काही ना काही दुरुस्ती चालू. सतरा वेळा भरतीची वेळ आणि आमची वेळ जुळली नाही. नऊ वेळा वारा नव्हता, किंवा एवढा होता की तांडेलाने होडीच्या नांगरावर बसून आम्हांला बोलण्यात गुंतवून ठेवलं. राहिल्या बारा. त्या बारा खेपांत पाण्यावर एकतीस तास. त्यांतले अकरा चिखलात. चार तास दोरीच्या गाठी सोडवण्यात. उरले सोळा.

सोळा तास. तांडेल एवढा वेळ दोन दिवसांत पाण्यावर असतो. 'तीन वर्षांचा अनुभव' असं मी ऑफिसात सांगत होतो ते बंद केलं.

चौथ्या वर्षी डोलकाठी बदलली. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, बिलं आहेत.

आणि मग गेल्या रविवारी पंचमी होती. मेहुण्याला सासुरवाडीचं लग्न होतं, म्हणून मी एकटाच. बोटांवर मोजलं: पावणेचार. पाणी परतायला लागलं की निघायचं, म्हणजे ओहोटीच कोर्लईकडे ढकलते. वारा समोरचा असला तरी चालेल. चारला नांगर उचलला. उजवीकडे एक फेर, डावीकडे एक फेर. वासा येतोय हे डोक्याला आधी कळलं आणि डोकं आपोआप खाली गेलं. शीड फडफडायला लागलं की दोरी किती ओढायची, हे हातानेच ठरवलं. मला विचारलं नाही. पूल मागे राहिला, किल्ला मोठा होत गेला, त्याच्या तटाचा एकेक दगड वेगळा दिसायला लागला, आणि पाच वाजून पन्नास मिनिटांनी मी कोर्लईच्या बंदरात शिरलो.

थांबायचं कसं, एवढंच राहिलं होतं.

कोर्लईत पोर्तुगीज वळणाची नौलिंग बोलतात. बंदरावरची माणसं मला बघून एका सुरात ओरडायला लागली. पावणेपाच वर्षांनी आलोय म्हणून कौतुक चाललंय असं मला क्षणभर वाटलं. मग त्यांच्यातल्याच एकाने मराठीत सांगितलं, "अवो, शीड पाडा!" तोपर्यंत माझी नाळ एका नांगरलेल्या होडीच्या कुशीत शिरली होती. होडीमालक समजूतदार निघाला. रंगाचे पैसे घेतले आणि चहा दिला. शिडाने आलात, असं म्हणून आपल्या म्हाताऱ्या आईला बाहेर बोलावून मला दाखवलं. तिने मला नाही, शिडाला न्याहाळलं आणि आत गेली.

अंधार पडत आला, वारा पडला. मी रिक्षाने पुलावरून रेवदंड्याला परतलो. तेवीस मिनिटं.

होडी अजून कोर्लईला आहे. येत्या शनिवारी एकादशी, भरती सव्वाआठला. आत येणारं पाणी धरायचं तर सहालाच सुटायला हवं, आणि त्या वेळी मतलई असतो, म्हणजे जाताना समोर होता तसा येतानाही वारा समोरच. मेहुण्याला कळवलं आहे: पोहे वाटेत खा.