अनामिक परीक्षकांस अनावृत पत्र



शोधनिबंध तपासणाऱ्यानं नाव गुप्त ठेवायचं असतं, त्यामुळे हे पत्र कुणाच्या पत्त्यावर धाडावं ते कळेना. म्हणून जाहीरच लिहितो. विद्यापीठाच्या प्रसिद्धी विभागातर्फे आपले आभार मानायचे आहेत आणि आपली गरज आता उरलेली नाही, हेही जमेल तितक्या सौम्य शब्दांत कळवायचं आहे. आपण एकेक निबंध महिनोन् महिने मांडीखाली घेऊन बसता. आम्ही एका दुपारीत सभागृह, फलक, माइक आणि बटाटेवडे उभे करतो.

आमच्या धंद्याचा सुवर्णदिन म्हणजे २३ मार्च १९८९. सॉल्ट लेक सिटीत युटा विद्यापीठानं पत्रकार बोलावले आणि मार्टिन फ्लाइशमन व स्टॅन्ली पॉन्स यांनी सांगितलं, की जड पाण्यात पॅलेडियमची कांडी बुडवून वीज सोडली की टेबलावर अणुसंमीलन होतं. सूर्याच्या पोटात चालणारी गोष्ट बरणीत! शेजारच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठातले स्टीव्हन जोन्स तशाच वाटेवर होते. दोन्ही गटांनी आपापले निबंध २४ तारखेला बरोबरच 'नेचर'कडे पाठवायचे, असं ठरलं होतं. आमच्या व्यवसायबंधूंनी एक दिवस आधीच कार्यक्रम उरकला. याला म्हणतात नियोजन.

निबंध मात्र पत्रकार परिषदेत कुणाच्या हाती पडला नाही. मग जगभरच्या प्रयोगशाळा वर्तमानपत्रं वाचून प्रयोग मांडू लागल्या. एमआयटीतल्या मंडळींनी तर दूरचित्रवाणीच्या बातमीत दिसलेला गॅमा किरणांचा आलेख घेऊन त्यातल्या चुका काढल्या. इतक्या बारकाईनं बातम्या पाहणारा प्रेक्षक आम्हाला पुन्हा लाभला नाही. आमच्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही लगोलग प्रयोग सुरू झाले आणि न्यूट्रॉन, ट्रिटियम सापडल्याचे अहवाल निघाले. युटाच्या विधिमंडळानं ५० लाख डॉलर मंजूर केले, त्यातून या संशोधनासाठी संस्था उभी राहिली आणि १९९१ मध्ये मिटलीही.

आता आपण म्हणाल, जड पाण्याऐवजी साधं पाणी घालून पाहिलं होतं का? हाच खवचट प्रश्न एप्रिलमध्ये डॅलसला, हजारो रसायनशास्त्रज्ञांच्या समोर विचारला गेला आणि समाधानकारक उत्तर आलं नाही. पत्रकार असं काही विचारत नाहीत, ते वीजबिल किती कमी होईल ते विचारतात. पण फार ताठ होऊ नका. तो निबंध एका नियतकालिकानं थोड्याच दिवसांत स्वीकारला होता, म्हणजे आपल्यापैकीही कुणीतरी त्यावर मान डोलावली असणार. पुढे दुरुस्तीपत्रकही काढावं लागलं, त्यात राहून गेलेलं एका विद्यार्थ्याचं नाव घालण्यात आलं. फलकावर जागा कमी असते, निबंधात का कमी पडावी, देव जाणे.

आणि आपण मान डोलावली तरी आमचा मार्ग मोकळाच असतो. फेब्रुवारी १९९८ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात डॉक्टर अँड्र्यू वेकफील्ड पत्रकारांसमोर बसले. 'लॅन्सेट'मधल्या त्यांच्या निबंधात मुलं होती १२, आणि स्वमग्नतेचा गोवर-गालगुंड-रुबेला लसीशी संबंध सिद्ध झालेला नाही, हे त्यात लिहिलेलं होतं. माइकसमोर मात्र एकत्रित लस थांबवून सुट्या लसी द्या, असं सांगितलं गेलं. निबंध मागे घेतला गेला २०१० मध्ये. मधल्या बारा वर्षांत किती आयांनी लसीकडे पाठ फिरवली, ते आमच्या कात्रणांच्या फायलीत नसतं. इथे मलाही विनोद सुचत नाही, पुढे जातो.

गुरुत्वीय लहरी शोधणाऱ्या लायगो प्रकल्पवाल्यांची मात्र तक्रार करायची आहे. १४ सप्टेंबर २०१५ ला गुरुत्वीय लहर सापडली आणि हे लोक जवळजवळ पाच महिने गप्प! अफवा उठत होत्या, फोन येत होते, आणि ते आपली उपकरणं तपासत बसले. निबंध आपल्या हातून पार पडल्यावर ११ फेब्रुवारी २०१६ ला वॉशिंग्टनला घोषणा झाली, तेव्हाच पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेतही पत्रकार बोलावले होते. निबंध त्याच दिवशी सर्वांसमोर. सहा दिवसांत केंद्रीय मंत्रिमंडळानं भारतात उभारायच्या लायगो-इंडिया प्रकल्पाला तत्त्वतः मंजुरी दिली. असा वाईट पायंडा पडला तर आमच्या खात्याला काम काय उरणार?

कळावे, लोभ असावा.

आपला,
प्रसिद्धी अधिकारी

ता. क. : आमच्या एका प्राध्यापकांचा निबंध काल रात्री आपल्याकडे रवाना केला आहे. परिषद उद्या अकराला आहे. अभिप्राय साडेदहापर्यंत यावा. प्रतिकूल असल्यास सोमवारी पाठवला तरी चालेल.