कोण हललं?

नवा कॅमेरा घरात आला की आधी त्याचं कौतुक होतं आणि मग चौकशी सुरू होते. ज्याने फोटो काढले तो, ज्यांचे काढले ते आणि ज्यांना फोटोत कुणी घेतलंच नाही ते, असे सगळे लॅपटॉपभोवती जमतात. कुणीतरी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढतं, स्क्रीनजवळ तोंड नेतं आणि म्हणतं, "जरा पुसट वाटतोय, नाही?" त्या 'जरा'त साठ हजार रुपये पाण्यात गेल्याचा सूर असतो.

नातेवाइकांत कॅमेऱ्याचं थोडंफार कळणारा म्हणून माझं नाव झालं आहे, त्यामुळे असली प्रकरणं माझ्याकडे येतात. ताजं प्रकरण धाकट्या मेहुण्याचं. दसऱ्याच्या मुहूर्तावर त्याने कॅमेरा घेतला, सोबत ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स घेतली आणि दिवाळीच्या आधीच मला फोन केला. "भाऊजी, लेन्स डिफेक्टिव्ह निघाली. माझा मोबाइल याच्यापेक्षा शार्प फोटो काढतो."

यातलं दुसरं वाक्य मला नेहमी ऐकवलं जातं, आणि बहुतेक वेळा ते खरं असतं. मोबाइलचा सेन्सर नखाएवढा आणि लेन्सची खरी फोकल लेंग्थ जेमतेम पाच-सात मिलिमीटर. अशा लेन्सला जवळचं आणि लांबचं जवळपास एकदमच स्पष्ट दिसतं, त्यामुळे फोकसचा नेम चुकला तरी कुणाला पत्ता लागत नाही. शिवाय आपण एकदा बोट टेकवतो तेव्हा तो गुपचूप एकापाठोपाठ एक फोटो घेतो, त्यांची सांधेजोड करतो, कडा घासून धारदार करतो आणि मगच आपल्याला दाखवतो. मोठा कॅमेरा एवढे लाड करत नाही. त्यात मेहुण्याने कुठल्याशा व्हिडिओत ऐकलेलं, की खरे फोटोग्राफर रॉमध्येच फोटो काढतात. रॉ म्हणजे सेन्सरच्या पदरात जे पडलं ते, जसंच्या तसं. त्यावर धार चढवायचं काम ज्याचं त्याने करायचं असतं. व्हिडिओवाल्याने हेही सांगितलं असणार, पण तोवर मेहुणा पुढच्या व्हिडिओवर गेला असणार.

सासुरवाडीला गेलो. चहाच्या आधी फोटो. पहिल्याच फोटोत समईच्या ज्योतींभोवती दुधट वलय आणि सगळ्या फोटोवर धुक्याचा हात फिरवलेला. मी लेन्स खिडकीच्या उजेडात तिरकी धरली. पुढच्या काचेवर, बरोबर मधोमध, बोटाचा पिवळट-तांबूस ठसा होता. दसऱ्याला सासूबाईंनी गाडी, शिलाई मशीन आणि मेहुण्याचा लॅपटॉप यांच्यासोबत कॅमेऱ्याचीही पूजा केली होती, आणि कॅमेऱ्याचं कपाळ त्यांच्या मते जिथे असायला हवं तिथे हळदकुंकू लावलं होतं. मेहुणा शर्टाचं टोक घेऊन पुढे सरसावला, त्याला आधी थांबवलं. कुंकवाचे कोरडे कण काचेवर रगडले तर ओरखडा कायमचा. रबरी ब्लोअरने आधी ते उडवायचे, मग मऊ कापडाने हलक्या हाताने पुसायचं. सासूबाई म्हणाल्या, "बघा, देवाचं काही केलं की घरात माझंच चुकतं."

बाकीच्या फोटोंना मात्र कुंकवाची सबब नव्हती. पुसट फोटो नीट बघितला तर तो आपणहून कबुली देतो. अख्खा फोटो, भिंतीवरच्या घड्याळापासून पायातल्या चपलेपर्यंत, एकाच दिशेने फराटला असेल तर काढणाऱ्याचा हात हलला. पडद्यावरची फुलं जागच्या जागी आणि भाची तेवढी ओघळलेली, तर भाची हलली. कुणीच हललेलं नाही, पण चेहऱ्याऐवजी मागचं कपाट लख्ख आलंय, तर फोकस भलतीकडे बसला. मेहुण्याच्या दिवाणखान्यात संध्याकाळी एक ट्यूबलाइट असते. तिच्या उजेडात कॅमेऱ्याने शटर १/३० सेकंद ठेवलं होतं. हातात धरून फोटो काढायचा तर जुना हिशेब असा, की लेन्स जितक्या मिलिमीटरची तितकावा भाग सेकंदाचा, त्याहून सावकाश नको. त्याच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, त्यामुळे ५० ची लेन्स ७५ ची धरायची, म्हणजे निदान १/८०. आणि भाची पळत असेल तर १/५०० सुद्धा कधीकधी उधळपट्टी ठरत नाही. खोक्यावर ज्या स्टॅबिलायझेशनची जाहिरात असते ते हलणाऱ्या हातावरचं औषध आहे, हलणाऱ्या पोरांवर त्याची मात्रा चालत नाही.

पोरांचा हा गुण जुना आहे. १८३८ साली लुई दागेरने पॅरिसमधल्या बुलेव्हार द्यु तांप्ल या रस्त्याचा फोटो काढला. रस्ता भर वर्दळीचा, पण फोटोत चिटपाखरू नाही. काही मिनिटं काच उघडी राहिल्यामुळे चालती माणसं आणि धावत्या घोडागाड्या उमटल्याच नाहीत. कोपऱ्यात बुटांना पॉलिश करून घेणारा एकजण मात्र उमटला, कारण तेवढाच पाय न हलवता उभा होता. आपल्याकडच्या जुन्या ग्रुप फोटोंतही आजोबा करारी, आजी गंभीर आणि मांडीवरच्या तान्ह्याला तोंडच नाही, असं पुष्कळदा दिसतं. त्यासाठी कॅमेरा परत करायला कुणी गेलं नव्हतं.

मेहुणा कॅमेरा धरतो तोही मोबाइलच्या सवयीने, दोन्ही हात लांब करून. कोपरं पोटाशी, डावा तळवा लेन्सखाली आणि डोळा व्ह्यूफाइंडरला, एवढ्याने अर्धी थरथर जाते. बटण तो दारावरची बेल दाबावी तसं दाबायचा. खरं तर ते अर्धं दाबून क्षणभर थांबायचं असतं. तेवढ्यात फोकस बसतो, मग उरलेलं अर्धं. आणि फोकस कुठे बसवायचा हे आपण सांगितलं नाही तर कॅमेरा आपल्या बुद्धीने ठरवतो. ती बुद्धी बऱ्याचदा सगळ्यात जवळची वस्तू पसंत करते. म्हणून त्याच्या देवीच्या फोटोत पुढच्या ताटातल्या करंजीची मुरड मोजून घ्यावी अशी, आणि देवीचे डोळे मात्र मऊ.

सासूबाईंच्या फोटोत याहून बारीक गंमत होती. नथीचा मोती चकाकतोय आणि चेहरा विरघळलाय. मीटरभर अंतरावरून ५० मिलिमीटरची लेन्स एफ १.८ वर उघडली की स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम अडीच-पावणेतीन सेंटिमीटरचा राहतो. फोकस नथीवर बसला की डोळे हद्दीबाहेर. लेन्स तंतोतंत तिचं काम करत होती. हे ऐकून मेहुण्याने उत्साहाने एफ २२ लावलं. आता पट्टा रुंद झाला, पण एवढ्याशा भोकातून जाताना प्रकाश कडेला फाकतो, त्यामुळे सगळंच सारखं मऊ झालं. वर उजेड कमी पडला म्हणून शटर आणखी मंदावलं आणि हातही हलला. एफ ४ किंवा ५.६ वर बरं चाललं असतं, पण आकड्यांच्या मधोमध थांबायचं वय त्याचं अजून झालेलं नाही.

दरम्यान सासरेबुवांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि जाहीर केलं, "जावईबापू, यात तर काहीच दिसत नाही." तक्रार योग्य होती, पण ती फोटोंची नव्हती. व्ह्यूफाइंडरच्या बाजूला एक बारीकशी चकती असते. ती बघणाऱ्याच्या चष्म्याच्या नंबराप्रमाणे फिरवायची असते, आणि येताजाता कुणाचाही अंगठा तिला फिरवून जातो. त्याने फोटोत काही फरक पडत नाही, फक्त बघणाऱ्याचा विश्वास उडतो. मी म्हटलं, "मामा, आतले आकडे ठळक दिसेपर्यंत चकती फिरवा." त्यांनी फिरवली. मग मेहुण्याला दिसेना.

लेन्सचा निकाल लावायला शेवटी भिंतीवर वर्तमानपत्राचं छोट्या जाहिरातींचं पान चिकटवलं. कॅमेरा तिपाईवर, एफ ५.६, दोन सेकंदांचा टायमर, म्हणजे बटण दाबताना बसणारा धक्काही नको. फोटो आला. कोपऱ्यातल्या वधू-वरांच्या जाहिरातींतली उंची आणि पगार वाचता येत होते. लेन्स निर्दोष सुटली, आणि घरात कुणाला आनंद झाला नाही. लेन्स बिघडलेली असती तर बदलून मिळाली असती. संध्याकाळची ट्यूबलाइट, पळणारी भाची आणि स्वतःचा हात यांना वॉरंटी नसते.

मेहुण्याची शंका तरी पुरती फिटली नाही. त्याचा फोटो २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे ६००० गुणिले ४०००. पिक्सेलला पिक्सेल लावून तो स्क्रीनवर बघायचा, आणि त्या मापाने अख्खा फोटो दीड मीटरहून रुंद झाला असता. एवढ्या मोठ्या फोटोला नाक लावून कोण बघतं? पूर्वी स्टुडिओतून पाकिटात यायच्या त्या सहा बाय चारच्या प्रिंटला दोन मेगापिक्सेल पुरतात. उरलेले बावीस आपण संशय घ्यायला विकत घेतो. बहुतेक सेन्सरमध्ये प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा किंवा निळा यांतला एकच रंग मोजतो आणि बाकीचे दोन शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात. कोडॅकच्या ब्राइस बेयर यांनी या मांडणीचं पेटंट १९७६ मध्ये मिळवलं, आणि आजही कामकाज तसंच चालतं. इतक्या जवळून बघितलं तर थोडा मऊपणा घरचाच असतो.

मी त्याला ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉनची गोष्ट सांगितली. जन्म १८१५, कलकत्त्याचा. ४८ व्या वर्षी मुलीने आणि जावयाने तिला कॅमेरा भेट दिला. तिचे फोटो फोकसमध्ये नसतात म्हणून त्या काळच्या जाणकारांनी तिची भरपूर टिंगल केली. ती काही बधली नाही, आणि १८६५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन म्युझियमने तिचे फोटो विकत घेतले.

मेहुणा म्हणाला, "भाऊजी, तिला ईएमआय नव्हता."

हे मात्र मान्य करावं लागलं. मग शटर १/२५० वर नेलं, कोपरं पोटाशी घ्यायला लावली, फोकसचा ठिपका भाचीच्या डोळ्यावर ठेवला, आणि उजेड पुरावा म्हणून आयएसओ ६४०० वर चढवला. भाची उडी मारताना हवेत जशीच्या तशी थांबली, रिबिनीची गाठसुद्धा दिसली. सगळ्यांनी बघितलं. मी घरी पोचायच्या आत मेहुण्याचा मेसेज येऊन पडला होता: "भाऊजी, शार्प आहे, पण मोठा करून बघितला तर सगळीकडे रवा सांडल्यासारखं दिसतंय. सेन्सर डिफेक्टिव्ह असेल का?"