विहिरीत चार आणे

आमच्या सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात एक ओळ आहे: विहिरीत चार आणे हिस्सा. विहीर एक, आजोबा धरून भाऊ चार, म्हणून प्रत्येकी चार आणे. बाजारातून आणे जाऊन जमाना झाला, पण पारनेर तालुक्यातल्या आमच्या विहिरीत ते अजून चालतात.

मी व्हर्च्युअलायझेशन आणि क्लाऊडचा आर्किटेक्ट आहे. म्हणजे नक्की काय, हे सोयरीक जमवायला आलेल्या पाहुण्यांना मला सांगता आलं नव्हतं. 'ढगाचं काम' एवढंच त्यांना कळलं आणि "मग पाऊस पाडा की आमच्याकडं" हा विनोद मी जेवण होईपर्यंत तीनदा ऐकला. आता कुणी विचारलं, की मी सरळ सातबारा काढतो.

हिस्सा चार आण्यांचा, पण पाळीच्या दिवशी अख्खी विहीर आपली असते. मोटर आपली, दंड आपला, दारं धरायला आपण. आमचे तात्या त्या दिवशी काठावर असे उभे राहतात, जणू ती त्यांनी एकट्यानेच खणली आहे. उद्या ती दुसऱ्याची, हे त्यांना ठाऊक असतं. पण आज त्याचं काय? सर्व्हरचंही हेच. यंत्र एक, त्यावर वीस-पंचवीस आभासी यंत्रं, आणि प्रत्येकाला वाटतं आपण स्वतंत्र खातेदार. पाळी लावणाऱ्या सॉफ्टवेअरला आम्ही हायपरवायझर म्हणतो. आमच्या विहिरीवर ते काम आजी करायची. फरक इतकाच, की सर्व्हरवर पाळी क्षणाच्याही बारीक तुकड्यांची असते आणि त्यावरून भाऊबंदकी होत नाही.

आयबीएमने व्हीएम/370 ही प्रणाली जाहीर केली ती 1972च्या ऑगस्टात. मोठा संगणक एक, वापरणारे अनेक, आणि ज्याला त्याला अख्खं यंत्र आपलंच वाटावं अशी सोय. त्याच साली इकडे दुष्काळ होता. घरचे कर्ते खडी फोडायला गेलेले आणि आजी विहिरीवर घागरी मोजत होती: माणसांमागे इतक्या, जनावरांमागे इतक्या. तिला कुणी आर्किटेक्ट म्हटलं नाही. पुढे 1998 साली निघालेल्या व्हीएमवेअरने आयबीएमची ती युक्ती साध्या यंत्रांवर आणली आणि 2006 साली ॲमेझॉनने विहिरीच भाड्याने द्यायला काढल्या. 2016पासून त्यांची एक मुंबईतही आहे.

धंद्यातली खरी गंमत, आणि खरा धोका, पुढे आहे. सगळे एकाच वेळी उपसत नाहीत, या भरवशावर आम्ही असेल त्याहून जास्त वाटतो. माझ्या पहिल्या मोठ्या कामात सोळा आण्यांच्या विहिरीत मी चोवीस आणे वाटले होते. सहा महिने कौतुक झालं. मग एका महिनाअखेरीला पगार, हिशेब आणि साठ्याची मोजणी एकदमच दारं धरायला आली. रात्री दोन वाजता मी काळ्या पडद्याकडे पाहत बसलो होतो आणि मला आमच्या गावची विजेची डीपी आठवत होती.

रात्रीच्या पाळीला उठायचा कंटाळा म्हणून गावाने मोटरींना ऑटो बसवले. लाइट आली, की मोटर आपोआप सुरू. एकाने बसवला तेव्हा तो हुशार ठरला. सगळ्यांनी बसवले तेव्हा लाइट आल्याबरोबर सगळ्या मोटरींनी एकदम उचल घेतली आणि डीपी जळाली. नंतरचे आठ दिवस सगळे निवांत झोपले. सोमवारी सकाळी नऊला कचेरीतले सगळे आभासी संगणक एकदम सुरू होतात, त्याला आमच्याकडे 'बूट स्टॉर्म' असं भारदस्त नाव आहे. उपाय मात्र गावठीच: थोडं थांबून, एकामागून एक.

आमच्या जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं असलं तरी एसटीच्या फलाटावर अजून "नगर, नगर" हीच हाळी ऐकू येते. याच जिल्ह्यात घाटघरला पाऊस हजारो मिलिमीटर कोसळतो आणि तोच ढग पारनेरला पोचेस्तोवर रिकामा झालेला असतो. म्हणून असेल, पण मला पाऊस मोजायचा छंद आहे. गच्चीवर पर्जन्यमापक ठेवलाय. बायको त्याला माझं दुसरं देवघर म्हणते.

त्या नादात मी हिवरे बाजारला जाऊन आलो. तिथे पावसाळा सरला, की पडलेला पाऊस मांडून पाण्याचा ताळेबंद होतो. आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं, मग उरेल त्यावर कोणतं पीक घ्यायचं ते गाव ठरवतं. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही. क्षमतेच्या नियोजनावर मी दोन प्रमाणपत्रं मिळवली आहेत. पण शिल्लक किती आहे ते सगळ्यांसमोर वाचायचं, हे दोन्हींत नव्हतं.

परत आल्यावर मी एक केलं. त्या चोवीस आणेवाल्या मंडळींना रोज सकाळी एका ओळीची मेल जाऊ लागली: आज एवढं शिल्लक. काही सांगितलं नाही, कुणाला बोललो नाही. पंधरा दिवसांत हिशेबवाल्यांनी आपली रात्र आपणहून बदलली. टीममधली पोरं तिला 'विहिरीची मेल' म्हणतात.

परवा गावी गेलो, तर तात्या काठावर वाकून बघत होते. मार्च निम्मा सरला होता. सात परस विहिरीत पाणी दीड परस.

"तुमच्या त्या ढगाला तळ असतो का रं?" त्यांनी विचारलं.

"असतो की तात्या. पण वापरणाऱ्याला दिसत नाही."

तात्यांनी एक खडा आत टाकला, आवाज ऐकला आणि खिशातून मोबाइल काढून धाकट्या चुलत्याला फोन लावला. "ऐक, या बारीला कांद्याला एकच पाणी दे. आणि तो ऑटो बंद कर आधी."