एक रुसला, घर अडलं

लिनक्स सर्व्हर म्हणजे एकत्र कुटुंब. ४० फाइल सिस्टीम एकाच छताखाली. त्यातला एनएफएसवरचा, म्हणजे नेटवर्कवरून जोडलेला, हार्ड माउंट केलेला एक काका रुसला, की डिस्कवरची जागा सांगणारी 'डीएफ' कमांड त्याच्या दाराशी बसून राहते. बाकीचे ३९ ठणठणीत असूनही कुणाचीच खबर मिळत नाही. अडकलेली प्रोसेस 'डी' अवस्थेत जाते आणि 'किल -९'लाही कधीकधी दाद देत नाही. बरं, रीबूट करावं, तर एफएसटॅबमधली, म्हणजे माउंटच्या यादीतली, एक मेलेली डिस्क ९० सेकंद ताटकळत ठेवते आणि मग थेट इमर्जन्सी मोडमध्ये नेऊन सोडते. त्या डिस्कच्या ओळीत 'नोफेल' हा एवढासा शब्द हवा होता, हे आठवतं रात्री तीनला. तेव्हा आजच, दिवसाउजेडी, एफएसटॅब उघडून बघा.