श्रावणाला कार्डातून काढा

आमच्या शेजारच्या आजींचा जन्म 1 जानेवारीचा. त्यांच्या धाकट्या जावेचाही 1 जानेवारीचाच, आणि बोळीच्या तोंडाशी सायकलरिक्षा लावणाऱ्या काकांचाही. आधार काढताना म्हाताऱ्यांनी अंदाजानं साल सांगायचं आणि दिवस-महिना यंत्रानं आपल्या मनानं टाकायचा, त्याचं हे फळ. नागपुरात खरोखर 1 जानेवारीला जन्मलेली माझ्या माहितीतली एकच म्हातारी, ती एम्प्रेस मिल. 1 जानेवारी 1877. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली, म्हणून जमशेटजी टाटांनी मिलला ते नाव दिलं. आजींचे यजमान त्या मिलमध्ये होते. आता मिल नाही, यजमान नाहीत, जागेवर मॉल आहे. तिथल्या सरकत्या जिन्याला आजी घाबरतात.

तर यंदाच्या 1 जानेवारीला आजींना पासष्ट पूर्ण झाली. 31 डिसेंबरच्या रात्रीपर्यंत त्या सरकारच्या लाडक्या बहीण होत्या. महिन्याला 1,500 रुपये, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत चालेल, आणि केशरी रेशनकार्ड असलं तर उत्पन्नाचा दाखलाही माफ. बारा वाजले आणि नातं बदललं. पासष्टीनंतर बाई बहीण राहत नाही, आई होते, आणि आईसाठी वेगळी योजना आहे : श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन. रक्कम तीच, 1,500. उत्पन्नाची मर्यादा मात्र वर्षाला 21,000.

आजी तिसरीपर्यंत शिकलेल्या, पण सुताच्या कांड्या भरण्याचे पैसे सावकाराच्या तोंडावर मोजून घेतलेल्या. त्यांनी बोटांवर हिशोब केला.

"काहून रे बाबू, एका रातीत मले बारा पट गरीब व्हा लागते?"

मी म्हटलं, तसंच दिसतंय.

21,000 म्हणजे दिवसाला 57 रुपये आणि वर चिल्लर. हे एकट्या आजींचं नाही, अख्ख्या कुटुंबाचं उत्पन्न. आता दुसरा हिशोब पाहा. 2025-26 मध्ये रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर होता दिवसाला 312 रुपये, आणि हमी होती वर्षाला शंभर दिवसांची. म्हणजे खेड्यातला एखादा पोरगा सरकारच्याच खड्ड्यावर, सरकारच्याच दरानं खपला, तर अडुसष्टाव्या दिवशी त्याचं घर 21,000च्या वर गेलं. उरलेल्या बत्तीस दिवसांत तो जे खोदेल तो आईच्या पेन्शनीचा खड्डा. सरकारनं एक वचन पुरतं पाळलं की दुसरं आपोआप मोडतं. म्हणून बहुधा दोन्ही अर्धवट पाळण्याचा शहाणपणा चालत असावा.

आजी खेड्यातल्या नाहीत. त्यांचा मुलगा मिहानच्या बाजूला एका गोदामात हमाली करतो. ज्या कार्यालयात आम्ही गेलो त्याचं नाव सांगत नाही, आजींना अजून तिथं जायचं आहे. खिडकीतल्या साहेबांनी कार्ड उलटून पाहिलं.

"मुलगा कमावते ना?"

"कमावते न. चांगला आहे बिचारा. मलेच खाऊ घालते."

इथंच आजी चुकल्या. पोरगा दारू पितो, घरात शिव्या देतो, असं काही म्हणाल्या असत्या तर कागद पुढं सरकला असता. साहेब वाईट नव्हते. त्यांनी खालच्या आवाजात मार्गही सांगितला : मुलाचं नाव कार्डातून कमी करा, वेगळी चूल दाखवा, मग उत्पन्नाचा दाखला 21,000च्या आतला काढा. बाहेर कडुनिंबाखाली अर्ज लिहिणारा बसतो, त्यानं हेच जरा मोठ्या आवाजात आणि पैसे घेऊन सांगितलं.

म्हणजे योजनेचं नाव श्रावणबाळ, आणि पहिली अट अशी की घरात श्रावणबाळ नको. असला तर त्याला आधी कार्डातून काढा. मग सरकार स्वतः कावड उचलायला येईल, दाखले तपासून.

हे नाव कुणाला सुचलं कोण जाणे. त्यानं गोष्ट शेवटपर्यंत ऐकली नसावी. आईबापांची सेवा करणारा पोरगा गोष्टीत कशानं मरतो? राजाच्या बाणानं. राजाचा हेतू वाईट नव्हता, त्यानं नुसता आवाज ऐकून नेम धरला. आपल्याकडचे नियमही असेच शब्दवेधी, समोर कोण आहे हे न पाहता सुटणारे. फरक इतकाच की दशरथाला चूक कळली, तेव्हा तो पाण्याचा घडा घेऊन स्वतः त्या म्हाताऱ्यांकडे चालत गेला.

दिल्लीचं म्हणाल तर तिथला राजा आकडे विसरत नाही. 1995 साली राष्ट्रीय वृद्धापकाळ पेन्शन सुरू झालं तेव्हा केंद्राचे 75 रुपये होते. पुढं ते 200 झाले, आणि 2011 पासून ऐंशी ओलांडणाऱ्याला 500. म्हातारपण मुरलं की भाव वाढतो. राज्यानं 2023 मध्ये आपली रक्कम 1,000वरून 1,500 केली, हे मात्र खरं, आणि त्याला हसू नये. आजींच्या साखरेच्या गोळ्या आणि सिलिंडरचा मोठा हिस्सा त्यात निघतो. म्हणूनच तर रांगा लागतात. डिसेंबरात अधिवेशन नागपुरात भरतं तेव्हा मोर्चे निदान मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटपर्यंत पोचतात. आजींचा अर्ज तेवढाही पुढं गेलेला नाही.

मुलाचं नाव काढायला आजी पंधरा दिवस तयार नव्हत्या. "जितं लेकरू कागदातून काढू?" हाच एक प्रश्न. शेवटी मुलानंच समजूत घातली, स्वतः जाऊन सही केली, आणि त्या संध्याकाळी तर्री-पोहे घेऊन घरी आला. चूल अर्थातच एकच आहे.

सगळे कागद घेऊन आम्ही पुन्हा गेलो ते मे महिन्यात. सीताबर्डीचे रस्ते तव्यासारखे तापलेले. टोकन मिळालं 43. आजींची बोटं यंत्रावर उमटेनात. कांड्या भरून भरून ठसे झिजलेले. "दुसऱ्या बोटानं पाहू," म्हणत सगळी दहा बोटं झाली. मग डोळा घ्यायचं ठरलं, पण डोळ्याचं यंत्र वरच्या मजल्यावर होतं आणि तिथला माणूस जेवायला गेला होता. आम्ही बाकावर बसलो. आजींना तहान लागली. कार्यालयात वॉटर कूलर होता, त्यावर 'नादुरुस्त' अशी छापील पाटी होती, लॅमिनेशन केलेली.

आजींनी टोकन माझ्या हातात दिलं, पदर डोक्यावर ओढला आणि रिकामी बाटली घेऊन रस्त्यापलीकडच्या पाणपोईकडे गेल्या.

तेवढ्यात पुकारा झाला. त्रेचाळीस.

मी उठून सांगितलं, आजी पाणी आणायला गेल्यात, आलेच त्या.

"लाभार्थी गैरहजर," साहेबांनी लिहिलं. "सोमवारी या."